रेझिनचे खडे पावसाळ्यात चिकट आणि धुरकट का राहतात?

साच्यात ओतल्यावर घट्ट होणाऱ्या द्रवापासून, म्हणजे रेझिनपासून, अकीक, फिरोजा, चंद्रकांत मणी किंवा अंबर यांच्यासारखे दिसणारे खडे करणाऱ्यांची एक तक्रार दरवर्षी ठरलेल्या वेळी उगवते. एप्रिलमध्ये ज्या साच्यातून, ज्या बाटल्यांतून आणि ज्या प्रमाणाने स्वच्छ, कडक खडे निघाले, त्याच सामग्रीतून जुलैमध्ये निघालेला खडा बोटाला चिकटतो, त्याच्यावर मेणचट साय धरते, किंवा उजेडात धरला असता तो आतून धुरकट दिसतो. अशा वेळी कोणी हार्डनर, म्हणजे रेझिनला घट्ट करणारा दुसऱ्या बाटलीतला द्रव, थोडा जास्त घालायला सांगतो, तर कोणी खडे दोन दिवस उन्हात ठेवायला सांगतो. पहिल्या सल्ल्याने नुकसान होते आणि दुसऱ्याने बहुतेक वेळा काहीच होत नाही.

ठाण्याला राहत्या घरी हे काम सुरू केल्यावर माझ्या पहिल्याच पावसाळ्यात कानातल्यांसाठी ओतलेले फिरोज्याचे चोवीस थेंब चिकट राहिले. दोष रेझिनचा असणार असे मानून मी दुसऱ्या बनावटीच्या बाटल्या आणल्या, आणि त्यांचाही निकाल तोच लागला. तिसऱ्या खेपेला खडे टाकून देण्याआधी ते कागदावर ओळीने मांडून पाहिले, तेव्हा लक्षात आले की चिकट होती ती प्रत्येक खड्याची फक्त पाठ. साच्याला टेकलेली दर्शनी बाजू नखानेही ओरखडत नव्हती. रेझिन मुळातच बिघडलेले असते, तर ते एका बाजूला कडक आणि दुसऱ्या बाजूला चिकट झाले नसते. त्यानंतर मी एक सवय लावून घेतली आहे. खडा चिकट आहे एवढ्यावर न थांबता तो नेमका कुठे चिकट आहे, हे आधी पाहायचे.

चिकटपणाची जागा काय सांगते

साच्यात ओतलेल्या खड्याची जी बाजू हवेला उघडी होती तेवढीच चिकट असेल, तर कारण हवेत आहे. उलट हवेकडची बाजू कडक आणि साच्याकडची बाजू चिकट असेल, तर साचा ओला राहिला असावा, त्याच्यात साबण उरला असावा, किंवा घरी केलेल्या साच्याचे सिलिकोन स्वतःच पुरते घट्ट झालेले नसावे. सगळा खडा रबरासारखा वाकत असेल, तर मोजणीत चूक आहे, खोली थंड होती, किंवा या कामासाठी रेझिनचा प्रकारच चुकीचा निवडला गेला आहे. खडा एरवी कडक असून त्यावर दोन-चार ठिपके किंवा ओघळ तेवढे ओले राहिले असतील, तर ढवळणे अपुरे पडले आहे. वरून कवच कडक आणि दाबल्यावर आत काहीतरी हलते आहे असे वाटत असेल, तर ते बहुधा अतिनील दिव्याखाली घट्ट होणारे रेझिन असते आणि त्याच्या गाभ्यापर्यंत प्रकाश पोहोचलेला नसतो.

यानंतर एक सोपी परीक्षा करावी. स्वच्छ फडके कोमट पाण्यात बुडवून पिळावे आणि चिकट भाग हलक्या हाताने पुसावा. तेलकट किंवा मेणासारखा थर निघून खाली कडक, कोरडा पृष्ठभाग लागला, तर रेझिन नीट घट्ट झाले आहे आणि त्रास केवळ वर साचलेल्या थराचा आहे. पुसल्यावरही बोट चिकटत असेल, तर अभिक्रिया अपुरी राहिली आहे. दोन्ही दोष बोटाला सारखेच लागतात, पण त्यांचे उपाय अगदी वेगळे आहेत.

रेझिन वाळत नाही

आपण बोलताना ‘रेझिन वाळले’ असे म्हणतो, आणि निम्मे घोटाळे या एका क्रियापदामुळे होतात. रंग वाळतो तेव्हा त्यातील पाणी किंवा द्रावक उडून जाते, म्हणून तिथे पंखा आणि ऊन उपयोगी पडते. इपॉक्सीमधून, म्हणजे हार्डनर मिसळून घट्ट होणाऱ्या आपल्या नेहमीच्या रेझिनमधून, असे काही उडून जायचे नसते. त्यातील रेझिन आणि हार्डनर यांचे रेणू एकमेकांशी जोडले जाऊन एक जाळे तयार होते आणि त्या जाळ्यामुळे द्रवाचा घन होतो. ही जोडणी ठरावीक प्रमाणातच होते, त्यामुळे ज्या रेणूला जोडीदार मिळत नाही तो खड्यात तसाच मोकळा राहतो आणि खडा मऊ किंवा चिकट लागतो.

हार्डनर वाढवण्याचा सल्ला मुळात पॉलिएस्टर रेझिनच्या कामातून आलेला आहे. त्यात उत्प्रेरकाचे मोजके थेंब घालतात आणि ते कमी-जास्त केल्याने वेग बदलतो. इपॉक्सीचा हार्डनर उत्प्रेरक नसून अभिक्रियेतील अर्धा भागीदार असतो. तो जास्त घातला तर जास्तीचा हार्डनर जोडीदाराविना उरतो, आणि पावसाळ्यात तोच पृष्ठभागावर येऊन अधिक त्रास देतो.

दागिन्यांच्या कामात मोजणीची चूक विशेष महाग पडते, कारण आपण एका वेळी फार थोडे रेझिन घेतो. समजा, बाटलीवर दोनास एक असे आकारमानाचे प्रमाण दिले आहे. रेझिन साधारणतः हार्डनरपेक्षा जड असते. रेझिनची घनता १.१५ आणि हार्डनरची ०.९८ धरली, तर २० मिलिलिटर रेझिनचे वजन २३ ग्रॅम आणि १० मिलिलिटर हार्डनरचे ९.८ ग्रॅम भरते. म्हणजे वजनाने प्रमाण २.३५ ला १ असे होते. हे लक्षात न घेता कोणी काट्यावर २० ग्रॅम आणि १० ग्रॅम घेतले, तर ८.५ ग्रॅमऐवजी १० ग्रॅम हार्डनर पडतो, म्हणजे सतरा टक्क्यांहून अधिक जास्त. म्हणून बाटलीवरचे प्रमाण वजनाचे आहे की आकारमानाचे हे आधी वाचावे, आणि मोजणी त्याच पद्धतीने करावी.

स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा या कामाला चालत नाही. दहा ग्रॅमच्या मिश्रणात हार्डनर जेमतेम तीन-साडेतीन ग्रॅम असतो, आणि त्यात अर्ध्या ग्रॅमची चूक म्हणजे सुमारे पंधरा टक्क्यांची चूक. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशात मावणारा काटा घ्यावा, किंवा आकारमानाने मोजायचे असल्यास सुईविना मिळणाऱ्या सिरिंज वापराव्यात, मात्र रेझिनची आणि हार्डनरची सिरिंज कायम वेगळी ठेवावी.

मोजून झाल्यावर तीन-चार मिनिटे सावकाश ढवळावे आणि पेल्याची बाजू व तळ काडीने खरवडत राहावे. नंतर सगळे मिश्रण दुसऱ्या कोरड्या पेल्यात ओतून पुन्हा मिनिटभर ढवळावे. पहिल्या पेल्याच्या भिंतीला चिकटून राहिलेले, न मिसळलेले रेझिन मागे राहते आणि पेला साच्यावर उपडा करून निथळवण्याचा मोह टळतो. खड्यावर एखादाच ओला ओघळ राहतो तो जवळजवळ नेहमी या मोहापायी.

मेणचट साय कशी धरते

आता पावसाळ्याच्या मूळ दुखण्याकडे यावे. इपॉक्सीचा हार्डनर अमाइन वर्गातला असतो आणि अमाइनला हवेतील कार्बन डायऑक्साइड व बाष्प या दोघांचेही आकर्षण असते. मिश्रण घट्ट होत असताना उघड्या पृष्ठभागावरचा काही हार्डनर रेझिनशी जोडला जाण्याऐवजी या दोघांशी जोडला जातो आणि त्यातून कार्बामेट वर्गाचा पांढुरका, मेणचट, पाण्यात विरघळणारा थर तयार होतो. हवा जितकी दमट आणि खोली जितकी थंड, तितका हा थर जाड, कारण थंडीत रेझिनशी होणारी मुख्य अभिक्रिया मंदावते आणि हार्डनरला हवेशी सलगी करायला अधिक वेळ मिळतो. ढोबळमानाने दहा अंश तापमान उतरले की इपॉक्सीचा वेग निम्म्यावर येतो. मुंबई-ठाण्यात किंवा कोकणात जुलैमध्ये हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर रेंगाळते, आणि या कामाला ती ६० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी लागते. पुण्या-नाशिककडे हिवाळ्याच्या रात्री हवा कोरडी असली तरी थंडी आडवी येते, म्हणून तिथे हीच तक्रार कधी कधी डिसेंबरातही ऐकू येते.

हार्डनरच्या बाटलीच्या तोंडाशी आणि झाकणाच्या आट्यांवर पांढरी खरखरीत पुटे दिसतात, ती याच अभिक्रियेची. ती दिसली की समजावे, बाटली उघडी राहते आहे. तोंड पुसून झाकण लगेच घट्ट लावावे आणि ती पुटे मिश्रणात पडू देऊ नयेत.

एक कारण बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. घरगुती कारागिरांपैकी अनेक जण रात्रीचा स्वयंपाक उरकल्यावर त्याच ओट्यावर किंवा शेजारच्या टेबलावर रेझिन ओततात. स्वयंपाकाचा गॅस जळताना कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ या दोन्ही गोष्टी बाहेर पडतात, म्हणजे नेमके हार्डनरला बिघडवणारे दोघेही तिथे हजर असतात, आणि वर कुकरच्या शिट्यांची वाफ असतेच. माझे चोवीस थेंब अशाच रात्री ओतलेले होते. तेव्हापासून मी आतल्या खोलीत, दार लावून, स्वयंपाकाच्या निदान दोन तास आधी किंवा नंतर काम करते.

वातानुकूलन यंत्र असेल तर ते बाष्प काढण्याच्या (ड्राय) मोडवर तासभर आधी लावावे. मात्र थंड खोलीतले साचे ओतल्यावर लगेच बाहेरच्या दमट हवेत नेऊ नयेत, कारण गार पेल्यावर धरतो तसा दव खड्यावर धरतो आणि साय दुप्पट होते. यंत्र नसेल तर घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या आणि दोनएकशे रुपयांचा आर्द्रतामापक एवढ्यावर काम भागते. ओतण्याच्या निदान तासभर आधी डबा बंद करून आतली आर्द्रता उतरू द्यावी, साचे आत ठेवून झाकण लावावे आणि एकच थर ओतायचा असेल तर पहिले बारा तास ते उघडू नये. रंग बदललेले सिलिका जेल गरम करून पुन्हा वापरता येते.

याहूनही खात्रीचा उपाय घुमटाकार खड्यांसाठी आहे. साचा काठोकाठ भरावा आणि त्याच्या तोंडावर पूर्वी प्रोजेक्टरसाठी वापरत असलेली पारदर्शक पॉलिएस्टरची शीट एका कडेकडून हळूहळू, हवा अडकू न देता टेकवत न्यावी. हवेला पृष्ठभागच मिळाला नाही की साय धरायला जागा उरत नाही. घट्ट झाल्यावर शीट सहज सुटते आणि खड्याची पाठ सपाट व चकचकीत निघते, त्यामुळे चांदीच्या कोंदणात बसवताना ती घासावी लागत नाही. फुगीर पाठ हवी असेल तिथे मात्र हा उपाय चालत नाही.

थरांमधली पांढरी रेघ

अकीकाच्या नकलेत ही साय आणखी एका रूपाने त्रास देते. अकीक हा सूक्ष्मस्फटिकी क्वार्ट्‌झचा प्रकार आहे. दख्खनच्या पठाराचा काळा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हापासून बनला, आणि त्यात वायूच्या बुडबुड्यांमुळे ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांच्या भिंतींवर सिलिकाचे थर एकावर एक बसत जाऊन असे पट्टे तयार झाले. महाराष्ट्रातल्या खाणींच्या दगडांत असे अकीक सापडतात, त्यामुळे नमुना समोर ठेवून काम करणे आपल्याला सोपे जाते. पट्ट्यांची नक्कल करण्यासाठी आपणही एका थरावर दुसरा थर ओततो, आणि पहिल्या थरावर साय धरलेली असेल तर ती दोन थरांमध्ये कायमची कोंडली जाते. खड्यात नको त्या ठिकाणी भुरकट रेघ दिसते, आणि भोक पाडताना किंवा खडा जमिनीवर पडल्यावर तो नेमका त्या रेघेवर सोलला जातो.

म्हणून पुढचा थर पहिला थर जेलीसारखा असतानाच ओतावा. हातमोज्याचे बोट टेकवल्यावर ठसा उमटतो पण मोज्याला रेझिन लागत नाही, ती ही वेळ. साधारण तापमानाला बऱ्याच रेझिनना तिथवर यायला चार ते सहा तास लागतात. ती वेळ टळली आणि थर कडक झाला, तर आधी कोमट पाणी व भांडी घासण्याच्या साबणाने तो धुवावा, पुसून कोरडा करावा, मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने मंद करावा आणि त्यानंतरच पुढचा थर ओतावा. हा क्रम उलटा झाला, म्हणजे धुण्याआधीच घासले, तर साय ओरखड्यांत भरली जाते आणि मग सहजी निघत नाही. अल्कोहोलने पुसून भागेल असे अनेकांना वाटते, पण ही साय पाण्याने निघते तितकी चांगली अल्कोहोलने निघत नाही.

रंगद्रव्यातून येणारे पाणी

धुरकटपणाचे मूळ पुष्कळदा खड्याला रत्नाचे रूप देण्यासाठी आपण जे मिसळतो त्यात असते. फिरोजा अपारदर्शक असतो, म्हणून त्यासाठी रेझिनमध्ये निळा-हिरवा रंग आणि एखादी पांढरी पूड मिसळतात. टाल्क, खडूची पूड आणि आपल्याकडे घरोघरी असलेली पांढरी रांगोळी हे सगळे चालते. पण पावसाळ्यात या पुडी हवेतले पाणी धरून बसतात. जुन्या, पुन्हा स्वयंपाकाला न वापरायच्या तव्यावर मंद आचेवर पूड दहा-पंधरा मिनिटे गरम करावी, बंद बरणीत गार होऊ द्यावी आणि मगच मिसळावी. गरम पूड रेझिनमध्ये टाकली तर मिश्रण पेल्यातच तापून घट्ट व्हायला लागते. पूड हाताळताना तोंडावर चांगला मास्क हवाच, कारण दगडाची बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते.

ॲक्रिलिक रंगात पाणी असते, हे तर बाटलीवरच लिहिलेले असते, तरीही फिरोज्याचा ठळक रंग आणण्यासाठी तो सढळ हाताने ओतला जातो. कोणत्याही रंगाचे प्रमाण एकूण वजनाच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवावे, म्हणजे दहा ग्रॅमला अर्धा ग्रॅम. ॲक्रिलिक त्याहूनही कमी. अल्कोहोलयुक्त शाईचे चार थेंब सुंदर दिसतात आणि दहा थेंबांत खडा मऊ राहतो. गडद रंग हवा असेल तर कोरडे रंगद्रव्य किंवा रेझिनसाठीच केलेला घट्ट रंग घ्यावा.

बाटलीतले रेझिनच धुरकट झाले असेल, तर तळाशी साखरेसारखे कण दिसतात का ते पाहावे. थंडीत मध जसा गोठतो तसे इपॉक्सीही स्फटिकरूप होते. बाटली घट्ट बंद करून सुमारे ५० अंशांच्या पाण्यात ठेवावी, अधूनमधून हलवावी, आणि रेझिन पूर्ण पारदर्शक झाल्यावर ते गार होऊ देऊन वापरावे. एकही कण उरला तर त्याच्याभोवती पुन्हा स्फटिक धरू लागतात.

सगळा खडा मऊ असतो तेव्हा

मोजणी अचूक आहे, ढवळणे नीट झाले आहे, खोलीही फार थंड नव्हती, आणि तरीही दोन दिवसांनी खडा वाकतो, असे झाले तर बाटलीवर ‘डीप पोअर’ किंवा जाड ओतकामासाठी असे काही लिहिले आहे का ते पाहावे. नदीसारख्या दिसणाऱ्या टेबलांसाठी केलेले हे रेझिन मुद्दाम संथ ठेवलेले असते, जेणेकरून पाच सेंटिमीटर जाडीतही ते अति तापू नये. पाच मिलिमीटरच्या खड्यात स्वतःची उष्णता साठतच नाही आणि ते दिवसचे दिवस मऊ राहते. स्वच्छता आणि कमी बुडबुडे यांसाठी दागिने करणारे हौसेने हेच रेझिन आणतात. ते फेकायला नको, पण त्याला बाहेरून ऊब द्यावी लागते.

ऊब म्हणजे ४५ ते ५० अंश, चार-सहा तास. लाकडी किंवा पत्र्याच्या पेटीत जुन्या पद्धतीचा ४० वॅटचा बल्ब, आत थर्मामीटर, आणि बल्बपासून वीतभर लांब साच्यातच ठेवलेले खडे, एवढी जोडणी पुरते. खडे साच्याबाहेर काढून तापवले तर ते कडेने वाकतात. पेटी चालू असताना घर सोडून जाऊ नये. संथ रेझिनला आणि थंडीमुळे अर्धवट राहिलेल्या खड्याला या उबेचा हमखास उपयोग होतो. प्रमाण चुकलेल्या खड्याला मात्र कितीही ऊब दिली तरी त्यातल्या एकट्या उरलेल्या रेणूंना जोडीदार मिळणार नाही. तिथे मऊ भाग खरवडून, अल्कोहोलने पुसून, नव्या नीट मोजलेल्या रेझिनचा थर देणे एवढेच हाती उरते, आणि खरे सांगायचे तर ज्याचा सगळा गाभाच मऊ आहे त्या खड्यासाठी ते श्रम घेऊ नयेत.

अतिनील दिव्याचे रेझिन वापरणाऱ्यांची कथा वेगळी आहे. त्यात मोजणी नसते आणि अमाइनची सायही नसते. पृष्ठभाग चिकट राहतो तो हवेतील प्राणवायू तिथली अभिक्रिया अडवतो म्हणून, आणि ती चिकट पापुद्र्यासारखी बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली की पुष्कळदा काम होते. गाभा ओला राहतो त्याचे कारण रंग. हे रेझिन ३६५ ते ४०५ नॅनोमीटरच्या प्रकाशाने घट्ट होते, आणि अकीकाच्या पांढऱ्या पट्ट्यांसाठी वापरले जाणारे टायटॅनियम डायऑक्साइड नेमका तोच प्रकाश शोषते व अडवते. म्हणून अपारदर्शक फिरोजा किंवा पांढरा पट्टा या रेझिनमध्ये मिलिमीटरभराच्या थरांनीच चढवावा आणि प्रत्येक थर दोन्ही बाजूंनी दिव्याखाली धरावा. जाड फिरोज्यासाठी मी हे रेझिन वापरणेच सोडून दिले आहे. ढगाळ दिवसांत खिडकीतल्या उजेडावर विसंबून काम करण्यात तर काहीच अर्थ नाही.

कोणते धुके हवे आणि कोणते नको

प्रत्येक धुरकट खडा बिघडलेला नसतो, आणि इथे नकलेचा नमुना नीट पाहिलेला असणे कामाला येते. चंद्रकांत मण्यातली निळसर-पांढरी आभा खडा हलवला की सरकते, कारण ती फेल्डस्पार या खनिजाच्या अतिशय पातळ थरांमध्ये प्रकाश विखुरल्याने निर्माण होते. रेझिनमध्ये तिची नक्कल बारीक अभ्रकाच्या चमकदार पुडीने होते. दिव्याखाली खडा कलता करून पाहावा. धुके सरकले तर ते पुडीचे आहे आणि हवेच आहे. कोणत्याही कोनातून ते जागच्या जागी राहिले, तर ते पाण्याचे किंवा सूक्ष्म बुडबुड्यांचे आहे.

अंबरचे उलट आहे. दुधाळ नैसर्गिक अंबरमध्ये दुधाळपणा येतो तोच असंख्य सूक्ष्म बुडबुड्यांमुळे, त्यामुळे चंद्रकांतासाठी टाकाऊ ठरलेले, घाईने ढवळून बुडबुडे झालेले मिश्रण मधाच्या रंगात अंबरसाठी चालून जाते. जुना होऊन पिवळसर पडलेला हार्डनरही, तो अजून नीट घट्ट होत असेल तर, पांढऱ्या खड्यांसाठी बाद समजून अंबरसाठी राखून ठेवावा. अंबर आणि क्वार्ट्‌झ यांचा अपवर्तनांक, म्हणजे आत शिरताना प्रकाश किती वळतो हे सांगणारा अंक, १.५४ च्या आसपास आहे आणि घट्ट झालेल्या इपॉक्सीचाही साधारण तिथेच येतो, म्हणून या दोघांच्या नकला डोळ्याला पटतात. माणकाचा तोच अंक १.७६ च्या पुढे आहे. रेझिनचे माणिक कितीही स्वच्छ ओतले तरी निस्तेज दिसते, आणि त्याचा दोष पावसाळ्याला देण्यात अर्थ नाही.

फिरोज्याची चमक तर काचेची नसून मेणाची असते. त्यामुळे ज्याच्या दर्शनी भागावर साय धरली आहे असा फिरोजा कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन, ४०० पासून १५०० नंबरपर्यंत ओल्या पॉलिश पेपरने घासून, शेवटी किंचित मेण चोळून घेतला की तो चकचकीत खड्यापेक्षा अधिक खरा वाटतो. पेपर ओलाच हवा, म्हणजे धूळ उडत नाही.

चिकट खड्यांबाबत एक काळजी शेवटपर्यंत घ्यावी लागते. न जोडलेले रेझिन आणि हार्डनर त्वचेला लागत राहिले तर ॲलर्जी जडू शकते आणि एकदा जडली की ती सहसा जात नाही. म्हणून नायट्राइलचे मोजे वापरावेत, हाताला लागलेले रेझिन अल्कोहोलने न पुसता साबणाने धुवावे, आणि ज्याचा चिकटपणा धुऊन व तापवूनही गेला नाही असा खडा अंगठीत किंवा कानातल्यात बसवू नये, मग तो दिसायला कितीही सुरेख असो. विकताना खड्याचे नाव ‘रेझिनचा फिरोजा’ असे पूर्ण लिहावे. आपल्याकडे बरेच लोक खडा केवळ शोभेसाठी घेत नाहीत, राशी आणि ग्रह पाहून घेतात, आणि त्यांना आपण काय घेत आहोत हे कळलेच पाहिजे.

माझ्या त्या चोवीस थेंबांपैकी एकोणीस धुतल्यावर पूर्ण कडक निघाले. उरलेल्या पाचांच्या पाठीला साय एवढी खोल गेली होती की घासून त्यांची जाडीच उरली नाही. ते कडक होते, म्हणून फडक्यात गुंडाळून हातोडीने फोडले, तुकडे साच्यात पसरले आणि मधल्या फटींत तपकिरी-काळ्या रंगाचे रेझिन ओतून वर पॉलिएस्टरची शीट टेकवली. खऱ्या फिरोज्यात मातृखडकाच्या ज्या शिरा जाळीसारख्या पसरलेल्या असतात, त्या ब्रशने काढायला मला कधी जमल्या नव्हत्या. त्या खेपेला मात्र त्या हुबेहूब उतरल्या.